श्वास थांबल्यावर काय होतं: बुडी मारणारं बदक आणि कोमोडो ड्रॅगन

प्रश्न असा आला आहे: "मी पशुवैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी पाण्यात बुडी मारणारं बदक आणि कोमोडो ड्रॅगन यांची तुलना हा विषय घेतला आहे. दोघांच्याही फुप्फुसात हवा एकाच दिशेनं वाहते असं वाचलं. मग दोघांची फुप्फुसं सारखीच म्हणायची का? तसं असेल तर हा एवढा मोठा सरडा पक्ष्यासारखा दमदार का नाही? मित्र म्हणतात विषयच चुकला, पाऊण किलोचं बदक आणि सत्तर किलोचा सरडा यांची तुलना कशी होणार?"

विषय अजिबात चुकलेला नाही. वन्य प्राण्यांवर उपचार करण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. या काळात मला सगळ्यात जास्त शिकवलं असेल तर ते भूल देताना श्वास धरून बसलेल्या एका बदकानं आणि एका घोरपडीनं. म्हणून वजन, लांबी, दात यांच्यापासून सुरुवात करू नकोस. हे प्राणी श्वास घेणं थांबवतात तेव्हा त्यांच्या आत काय चालतं, तिथून सुरुवात कर. तुलना तिथेच खरी होते.

आधी बदक. माझी उमेदवारी चालू होती तेव्हाची गोष्ट. हिवाळ्यात धरणाच्या फुगवट्यावर मासेमारीच्या जाळ्यात अडकलेली एक लालसरी, म्हणजे बुडी मारणाऱ्या जातीचं एक बदक, आमच्याकडे आणली होती. पंखाला खोल जखम होती, टाके घालायचे होते. मी चोचीवर मास्क धरला आणि आयसोफ्लुरेन हा भुलीचा गॅस सुरू केला. तिनं श्वासच घेतला नाही. छाती हलेना, स्टेथोस्कोपमधून ठोके ऐकले तर ते भराभर उतरत चाललेले. भूल कमी पडतेय म्हणून ती श्वास रोखून धरतेय, असं समजून मी गॅस वाढवला. मोठी चूक होती ती. काही सेकंदांनी तिनं एकदम खोल श्वास घेतला आणि मास्कमध्ये साठलेला सगळा दाट गॅस एका दमात आत गेला. मी मास्क काढला, तिला शुद्ध हवेवर ठेवलं, पाठीवर निजवलेली होती ती कुशीवर घेतली. ती वाचली. पण ते अर्धं मिनिट अजून माझ्या अंगावर येतं.

तिच्या दृष्टीनं झालं होतं ते असं: चोचीभोवती काहीतरी गच्च आलं, म्हणजे आपण पाण्यात गेलो. चोच आणि नाकपुड्यांभोवतीच्या त्वचेतून चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूमार्फत निरोप जातो, श्वास थांबतो, हृदय मंदावतं. पाळीव बदकातही हे दिसतं, बुडी मारणाऱ्या जातींत फार ठळक दिसतं. म्हणून आता मी अशा बदकाला आधी इंजेक्शननं शांत करतो आणि मगच मास्क जवळ नेतो. वाचून हे मला माहीत होतं, पण हातात आलं ते त्या दिवशी.

आता घोरपड. कुत्र्यांनी फाडलेली एक घोरपड वनविभागाच्या लोकांनी आणली होती. तिलाही मास्क लावला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं झाली. ती डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती, मध्येच जीभ बाहेर काढत होती, श्वास मात्र घेत नव्हती म्हटलं तरी चालेल. लालसरीचा श्वास सेकंदांत मोजावा लागला होता, हिचा मिनिटांत. शेवटी पुढच्या पायात इंजेक्शन दिलं, ते चढल्यावर जबडा उघडून नळी घातली. मॉनिटर सरड्यांत, म्हणजे घोरपडीच्या कुळात, हे सोपं असतं, श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशी समोरच दिसतं. मग पिशवी दाबून मिनिटाला दोन-तीन श्वास मीच देत राहिलो. शस्त्रक्रिया संपल्यावर शंभर टक्के ऑक्सिजन चालू ठेवला तर ती आणखी वेळ श्वास घेत नाही, कारण सरपटणाऱ्या प्राण्यात श्वास सुरू व्हायला रक्तातला ऑक्सिजन कमी झाल्याची सूचना महत्त्वाची असते. साध्या हवेवर आणल्यावर ती हळूहळू परत आली. लालसरी काही मिनिटांत मान वर करते. घोरपडीसाठी संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं.

कोमोडो ड्रॅगनला मी कधी हात लावलेला नाही. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटाच्या टोकाच्या लाबुआन बाजो बंदरातून होडीनं रिंचा बेटावर गेलो होतो तेव्हा त्याला बघितलं, आणि घोरपडीवरून जे समजलं तेच तिथे मोठ्या आकारात दिसलं. शास्त्रीय दृष्टीनं दोघं एकाच प्रजातीसमूहातले, व्हॅरॅनस. आपली घोरपड ही कोमोडोची धाकटी चुलत बहीण म्हण. स्थानिक लोक त्याला ओरा म्हणतात. रेंजरांच्या स्वयंपाकघराखालच्या सावलीत एक थोराड नर पोट टेकून पडला होता. आमच्याबरोबरचा रेंजर दुबेळकं लागलेली लांब काठी घेऊन उभा होता, संरक्षणाला तेवढीच. मी घड्याळ लावून त्याच्या बरगड्यांकडे बघत बसलो. दोन श्वासांच्या मध्ये इतका वेळ जायचा की बरोबरच्या लोकांना वाटलं, मेलाय की काय.

आता तुझ्या मूळ मुद्द्याकडे येऊ, एकाच दिशेची हवा.

आपल्या फुप्फुसात हवा ज्या वाटेनं जाते त्याच वाटेनं परत येते. टोकाला फुगे असतात, ते फुगतात आणि आकसतात. पक्ष्यात तसं नाही. पक्ष्याचं फुप्फुस लहान, घट्ट आणि बरगड्यांना चिकटलेलं असतं, ते फारसं फुगत नाही. फुगायचं काम बहुतेक पक्ष्यांत नऊ हवापिशव्या करतात. ताजी हवा आधी बरीचशी मागच्या पिशव्यांत जाते, तिथून फुप्फुसातल्या बारीक नळ्यांतून पुढे सरकते, पुढच्या पिशव्यांत येते आणि मग बाहेर पडते. म्हणजे एका घोटाच्या हवेला आत येऊन बाहेर पडायला दोन श्वास लागतात, आणि नळ्यांतली हवा श्वास आत घेताना आणि बाहेर सोडतानाही एकाच बाजूला वाहते. ब्रेट्झ आणि क्नुट श्मिट-नील्सन यांनी १९७१ मध्ये हे प्रवाह मोजून दाखवले, तेही बदकाच्याच फुप्फुसात. तुझ्या विषयाला याहून चांगली सुरुवात मिळणार नाही.

याचा पुरावा आम्हाला कामात रोज मिळतो. गळ अडकून किंवा गाठ येऊन बदकाची श्वासनळी बंद झाली, तर पोटाच्या बाजूनं मागच्या हवापिशवीत एक छोटी नळी बसवायची. बदक त्या नळीतून श्वास घेतं, तोंडातून नाही. पहिल्यांदा बघणाऱ्या विद्यार्थ्याला हा चमत्कार वाटतो. पण हवेचा रस्ता मागून पुढे आहे हे एकदा डोक्यात बसलं की त्यात काही विशेष राहत नाही. हेही लक्षात ठेव की पक्ष्याला आपल्यासारखं छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल नाही. छातीचं हाड खालीवर झालं तरच पिशव्या चालतात. हातात धरताना छाती आवळली तर श्वासाची सगळी मोकळी वाट असूनही पक्षी गुदमरून मरतो. स्वयंसेवकांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो.

सरड्यांच्या बाबतीत फार वर्षं असं मानलं जायचं की त्यांचं फुप्फुस म्हणजे साधी पिशवी, हवा आत आणि बाहेर. मॉनिटरच्या फुप्फुसात अनेक कप्पे असतात हे शरीररचना शिकवणाऱ्यांना माहीत होतं, पण हवा कशी वाहते ते कुणी मोजलं नव्हतं. युटा विद्यापीठातल्या कॉलीन फार्मर यांच्या गटानं आधी २०१० मध्ये मगरीच्या कुळातल्या ॲलिगेटरमध्ये एकाच दिशेचा प्रवाह दाखवला. मग त्याच गटातल्या एमा शाख्नर आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या सॅव्हाना मॉनिटरवर काम केलं. जिवंत सरड्यांच्या फुप्फुसात प्रवाहाची दिशा ओळखणारे संवेदक बसवले, आणि मेलेल्या सरड्यांच्या फुप्फुसांतून सूर्यफुलाचे पराग मिसळलेलं पाणी ढकलून ते कुठल्या बाजूला वाहतात ते बघितलं. मुख्य नळीतून हवा मागे जाते आणि बाजूच्या कप्प्यांमधल्या भिंतींना असलेल्या छिद्रांतून एका कप्प्यातून दुसऱ्यात असं करत पुढे येते. हे २०१४ च्या सुमारास नेचर नियतकालिकात आलं. तू वाचलंस ते बहुधा याच्यावरूनच. सेमिनारमध्ये एवढं स्पष्ट सांग की हा प्रयोग सॅव्हाना मॉनिटरवर झाला, कोमोडोवर नाही. फुप्फुसाची घडण एकाच कुळातली म्हणून आपण तो कोमोडोला लावतो, आणि ते लावणं मला योग्य वाटतं. पण परीक्षक विचारतील.

आता "सारखीच का?" याचं उत्तर. वाऱ्याची दिशा सारखी आहे, घर वेगळं आहे. मॉनिटरच्या फुप्फुसाला वेगळ्या हवापिशव्या नाहीत. मागचा भाग पातळ भिंतींचा, जवळजवळ पिशवीसारखा असतो, पण तो फुप्फुसाचाच भाग. पक्ष्यात हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा कमालीचा पातळ आणि देवघेवीचं क्षेत्र प्रचंड असतं. मॉनिटरमध्ये ते इतर सरड्यांपेक्षा जास्त, पक्ष्यापेक्षा कितीतरी कमी. म्हणून नुसती दिशा सारखी आहे म्हणून ताकद सारखी असं होत नाही. घरात हवा खेळती आहे म्हणजे घर मोठं आहे असं नाही ना.

इथे बहुतेक लोक जिथे घसरतात तिथे तू घसरू नकोस. नेहमीची गोष्ट अशी सांगतात: पक्ष्याला उडायला खूप ऑक्सिजन लागतो म्हणून एकदिशा फुप्फुस आलं. मग हे ॲलिगेटरमध्ये काय करतंय? आणि २०१४ मध्येच हिरव्या इग्वानात, म्हणजे तासन्‌तास फांदीवर बसून पानं खाणाऱ्या सरड्यात, तेच सापडलं. इग्वाना काही धावपटू नाही. म्हणजे ही रचना उड्डाणाच्या किती तरी आधीची असू शकते, पक्ष्यांचे आणि सरड्यांचे पूर्वज वेगळे झाले त्या पंचवीस कोटी वर्षांहूनही जुन्या काळातली. किंवा ती वेगवेगळ्या फांद्यांवर स्वतंत्रपणे आली असेल. दोन्ही शक्यता उघड्या आहेत. एक मात्र नक्की, ती दमदारपणाची खूण नाही.

मग कशासाठी? माझं मत असं झालं आहे की ती श्वास थांबलेला असतानाची सोय आहे. ॲलिगेटरवर काम करताना फार्मर यांनी हा विचार मांडला: प्राणी श्वास रोखून पडलेला असतो तेव्हाही हृदय धडधडत असतं, प्रत्येक ठोक्याला शेजारच्या फुप्फुसाला हलका धक्का बसतो, आणि रचना एकाच दिशेची असेल तर त्या धक्क्यानं आतली हवा हळूहळू देवघेवीच्या पृष्ठभागावरून पुढे सरकत राहते. छाती हलत नाही, पण आतला वारा पूर्ण थांबत नाही. सावलीत पडलेल्या त्या ओराच्या दोन श्वासांमधल्या लांबलचक शांततेकडे बघताना मला हेच आठवत होतं.

आणि आता बदक बघ. शेंडी बदकावर, म्हणजे डोक्यामागे लोंबती शेंडी असलेल्या काळ्या-पांढऱ्या पाणबुड्या बदकावर, बर्मिंगहॅम विद्यापीठात पॅट बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं काम केलं. त्यातला १९९८ चा एक अभ्यास मला सगळ्यात आवडतो. बुडी मारलेल्या बदकाच्या पुढच्या आणि मागच्या हवापिशव्यांतला दाब त्यांनी मोजला. पाय मारताना दोन्हीकडचा दाब एकसारखा राहत नाही, प्रत्येक वल्ह्यासरशी फरक पडतो. म्हणजे पाण्याखाली, श्वास बंद असताना, पाय मारण्यानंच हवा एका पिशवीतून दुसरीकडे, फुप्फुसावरून फिरू शकते. पिशव्यांत साठलेला ऑक्सिजन असा वापरता येतो. ड्रॅगनमध्ये बहुधा हृदयाचा ठोका, बदकात पायाचं वल्हं. तुझ्या सेमिनारचा कणा हाच ठेव. दोन प्राणी, एक जुनी रचना, आणि श्वास बंद असताना ती चालवायच्या दोन तऱ्हा.

शेंडी बदक पाण्याखाली किती वेळ असतं? साधारण पंधरा ते वीस सेकंद, उथळ पाण्यात, तळाच्या शिंपल्या, गोगलगायी, किड्यांच्या अळ्या यांच्यासाठी. अंगातला ऑक्सिजन पुरेल असा अंदाजे पाऊण मिनिटाचा साठा असतो, पण रोजच्या बुड्या त्याच्या निम्म्याहून कमी. साठा संपेपर्यंत ते सहसा पाण्याखाली राहत नाही. पाण्याखाली त्याचा ऑक्सिजनचा खर्च विश्रांतीच्या सुमारे साडेतीन पट होतो असं १९८३ च्या मोजमापात आलं. तुला वाटेल, बुडी मारताना हृदय मंदावतं तर खर्च का वाढतो? याचं उत्तर हवेतच आहे. पिसांत आणि पिशव्यांत साठलेली हवा बदकाला सतत वर ढकलते. दोन मीटर पाण्याखाली दाब एक पंचमांशानंच वाढतो, हवा फारशी दबत नाही. पाय थांबले की बदक बुचासारखं वर येतं. म्हणजे ज्या हवेवर ते जगतं तीच त्याच्या विरुद्ध काम करते, आणि तळाशी खातानाही त्याला वल्हवत राहावं लागतं. बुडी मारण्याआधी ते पिसं अंगाशी घट्ट आवळतं ते याचसाठी. दुर्बिणीतून नीट बघितलंस तर ती एका क्षणात बारीक झालेली पाठ दिसते. पाणबुड्या बदकांच्या हाडांतली हवाही वरवर चरणाऱ्या बदकांपेक्षा कमी असते.

हृदयाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण पाठ्यपुस्तकात बहुतेक वेळा अर्धंच लिहिलेलं असतं. स्कोलँडर यांनी १९४० मध्ये सील आणि बदकांवर जे दाखवलं ते प्राण्यांना जबरदस्तीनं बुडवून. त्यात ठोके प्रचंड उतरतात, रक्त हृदय आणि मेंदूकडे राखलं जातं. पण शेंडी बदक स्वतःच्या मर्जीनं बुडी मारतं तेव्हा आधी श्वास आणि ठोके वाढवतं, पाण्यात शिरताच ठोके झटकन खाली येतात, पण विश्रांतीच्या पातळीखाली जात नाहीत, कारण पायांच्या स्नायूंना रक्त हवं असतं. बटलर यांच्या गटानं वर यायची वाट अचानक बंद करून बघितली, तेव्हा मात्र ठोके कोसळले. बदकाला आपण अडकलोय हे कळतं आणि शरीर काटकसरीचा दुसरा मार्ग धरतं. माझ्या मास्कखालच्या लालसरीचे ठोके का कोसळले ते मला हे वाचल्यावर समजलं. तिच्यासाठी ती बुडी नव्हती, तिची वाट बंद झाली होती. आणि जाळ्यात अडकलेल्या प्रत्येक बदकाचं पाण्याखाली असंच होत असणार, हा विचार मला दर हिवाळ्यात छळतो.

ड्रॅगन दमदार का नाही, हे उरलं. एक तर त्याला गरजच कमी आहे. सर्वसाधारण समीकरणांवरून ढोबळ हिशेब मांडून बघ. सातशे ग्रॅमच्या बदकाला नुसतं बसून राहायला सुमारे साडेतीन वॅट लागतात. पन्नास किलोच्या, उन्हात तापून पस्तीस अंशांच्या आसपास आलेल्या सरड्याला पंधरा ते वीस वॅट. वजन सत्तर पट आणि खर्च जेमतेम पाच पट. किलोमागे बघितलं तर बदक चौदा-पंधरा पट उधळं. रात्री सरडा गार झाल्यावर तर फरक आणखी वाढतो, बदक मात्र एक्केचाळीस अंश राखायला रात्रभर जळत राहतं. म्हणून बदक रोज खातं, दिवसातून शेकडो वेळा तळाला जातं. ओरा एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत मांस गिळू शकतो आणि मग आठवडेच्या आठवडे काढतो. एक हरणाचं मांस आणि एक अळी, दोघांच्या जेवणाच्या वेळापत्रकातला फरक हा श्वासाच्या वेळापत्रकातलाच फरक आहे.

दुसरं कारण चालण्याचं. सरडा चालताना अंग डावी-उजवीकडे वळवतो, आणि ज्या बरगड्यांच्या स्नायूंनी श्वास घ्यायचा तेच स्नायू अंग वाकवण्यात गुंततात. पळणं आणि श्वास घेणं एकाच वेळी नीट जमत नाही. मॉनिटर कुळानं यावर एक तोड काढली. १९९९ मध्ये सायन्समध्ये आलेल्या ओव्हेर्कोविच आणि सहकाऱ्यांच्या कामातून ती स्पष्ट झाली: गळ्याची पिशवी फुगवून, भात्यासारखी दाबून, हवा फुप्फुसात ढकलायची. तोंड उघडं ठेवून हा भाता बंद पाडला तर चालत्या सरड्याचा ऑक्सिजन कमी होतो. शेताच्या बांधावरून घाईनं निघालेली घोरपड जरा थांबली की तिचा गळा फुगताना आपण सगळ्यांनी बघितलेला असतो. ती घाबरलेली किंवा चिडलेली असते असं आपण म्हणतो. बऱ्याचदा ती फक्त दम घेत असते.

शिवाय मॉनिटरचं हृदय तीन कप्प्यांचं असलं तरी ठोक्याच्या वेळी शरीराकडच्या रक्ताचा दाब फुप्फुसाकडच्या दाबापेक्षा बराच जास्त ठेवू शकतं, इतर बहुतेक सरड्यांना हे जमत नाही. म्हणून घोरपड सरड्यांच्या मानानं दमदारच आहे. सिंहगडाच्या यशवंतीची आख्यायिका खरी की खोटी हा वेगळा वाद, पण लोकांनी दोर चढवायला पाल किंवा सरडा न निवडता घोरपड निवडली, यात तिच्या ताकदीचं निरीक्षण आहे. ओराही थोडा वेळ ताशी वीस किलोमीटरच्या आसपास पळू शकतो. पण त्याची शिकार दम टिकवण्यावर नाही. तो वाटेशी दबा धरतो, करवती दातांनी फाडतो. दातांच्या कडांवर लोहाचा केशरी थर असतो हे २०२४ मध्ये समोर आलं. तोंडातल्या घाण जंतूंनी भक्ष्य मरतं ही जुनी कथा मात्र सेमिनारमध्ये घालू नकोस. २००९ मध्ये ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी खालच्या जबड्यातल्या विषग्रंथी दाखवल्या, आणि पुढे तोंडातल्या जंतूंची तपासणी झाली तेव्हा ते इतर मांसाहारी प्राण्यांपेक्षा काही वेगळे निघाले नाहीत.

वेळ उरला तर अंड्यांवर एक पाटी ठेव, तिथे हे दोघं अनपेक्षितपणे जवळ येतात. पक्ष्यात आणि कोमोडोतही मादीच्या लिंगगुणसूत्रांची जोडी भिन्न असते, झेड आणि डब्ल्यू, नराची झेड-झेड. सस्तन प्राण्यांच्या बरोबर उलट. इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयात फ्लोरा आणि लंडनमध्ये सुंगाई या कोमोडो माद्यांनी नराशिवाय गर्भ वाढणारी अंडी दिल्याचं २००६ मध्ये समोर आलं. निघालेली सगळी पिल्लं नर. कारण अशा जननात गुणसूत्र दुप्पट होतं: झेड-झेड म्हणजे नर, डब्ल्यू-डब्ल्यू जगत नाही. कॅलिफोर्निया काँडॉर या पक्ष्यात २०२१ मध्ये असंच उघड झालं, तीही नर पिल्लं. मला आणखी एक गोष्ट सुंदर वाटते: ओराची मादी पुष्कळदा मेगापोड पक्ष्यांनी रचलेल्या मातीच्या ढिगाऱ्यात अंडी घालते. तिची अंडी सात-आठ महिने तिथे उबतात, बाहेर आलेली पिल्लं मोठ्यांनी खाऊ नये म्हणून लगेच झाडावर चढतात. शेंडी बदकाची अंडी पंचविसेक दिवसांत फुटतात.

मित्रांना काय सांगायचं ते आता तुला कळलं असेल. दोघांच्या श्वासातल्या थांब्यांची तुलना होते, आणि ती वजनावर अवलंबून नाही.

शक्य झालं तर सेमिनारच्या आधी एक काम कर. डिसेंबर-जानेवारीत उजनीला किंवा नांदूरमध्यमेश्वरला पहाटे जा. लालसऱ्या आणि शेंडी बदकं थव्यात असतात, उडताना पाण्यावर धावत जाऊन उडतात यावरून त्यांना ओळखशील, पाय मागे असल्यानं त्यांना साध्या बदकांसारखी जागेवरून उसळी घेता येत नाही. एका पक्ष्यावर नजर ठेव आणि घड्याळावर त्याच्या वीस बुड्या मोज: पाण्याखाली किती सेकंद, वर किती. लांब बुडीनंतर वरचा विसावा वाढतो का ते बघ. स्वतः घेतलेले आकडे तक्त्यात मांडशील तेव्हा कुणी विषय चुकला म्हणणार नाही. घोरपडीसाठी मात्र दुर्बीणच पुरे. ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला पकडून गळा बघायचा विचारही करू नकोस. बांधावर उन्हाला आलेली दिसली की पंधरा पावलं दूर, सावली तिच्यावर पडणार नाही असा बस आणि गळ्याकडे लक्ष ठेव.